प्रेमलतेचे सोंग

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

लालबाग, मुंबई
ता. ९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. आका हिच्या चरणी धाकट्या प्रेमलतेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र पावले. लग्नाला वर्ष होत आले, मुंबईचे पाणी अंगी लागले की नाही, असे तू विचारतेस. लागले, पण उलटे लागले. तू चढवलेल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात आणि पोलके खांद्यावरून उतरते. पोट मात्र संध्याकाळी पखवाजासारखे फुगते. दिवसातून किती वेळा चाळीच्या टोकाला धावावे लागते ते लिहायला लाज वाटते. तोंड सदा आलेले, तिखट लागले की डोळ्यांत पाणी.

इथली माणसे वाईट नाहीत हो. हे मिलच्या हापिसात जातात, संध्याकाळी पेपर वाचतात, आवाज चढवून बोलत नाहीत. सासूबाईंची खाणावळ तुला ठाऊकच आहे. गिरणीतले सगळे आपल्याकडचे गाववाले तिथे जेवतात. मला पहाटेच कणकेच्या परातीशी बसवतात. भात आणि सार पंगतीला जाते, बाप्ये तळ पुसून जेवतात, आणि आम्ही घरच्या बायकांनी उरलेल्या चपात्या संपवायच्या. सकाळी चहाबरोबर पाव. सासूबाई म्हणतात की गव्हाने अंगात ताकद येते, भात खाऊन कोकणातल्या बायका पाणचट होतात.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, पचनशक्ती मंद आहे, भात आणि पेज बंद करा, पेजेत पाण्याशिवाय काही नसते. टोस्ट-दूध आणि रव्याची खीर द्या म्हणाले. सासूबाईंनी स्वतः बेकरीत जाऊन टोस्ट आणले आणि समोर बसून खायला लावले. एवढी माया झाली तरी मी काही सुधारत नाही, म्हणून मलाच अपराध्यासारखे होते.

भावोजींना नमस्कार. यंदा बांगडा कसा लागला ते लिही. कळावे, माया आहे तशीच राहू दे.

तुझी प्रेमा

*

देवबाग
ता. २ डिसेंबर १९५८

चि. सौ. प्रेमलता हीस आकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. अगो, तुझा आजार मी ओळखला. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वाळूच्या पट्टीवर वाढलेली तू, तुला त्या चाळीत श्वास तरी कसा पुरावा? तुझे भावोजी म्हणतात की मासळी पाण्याबाहेर काढली की तिचेही पोट असेच फुगते. त्यांची थट्टा तुला माहीत आहेच.

थोडे सोसून घे. नव्या घरात सगळ्यांनाच जड जाते. पोटात बाळ राहिले की बाळंतपणाला इकडेच यायचे आहेस. आई-बाबा गेले तरी तुझे माहेर बंद झालेले नाही, मी आणि हे आहोत. उकड्या तांदळाच्या पेजेवर ठेवीन, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून देईन, मग बघू कशी बरी होत नाहीस ती.

बाकी क्षेम. लोभ कधी उणा पडू देऊ नकोस.

तुझी आका, चंद्रावती

*

लालबाग, मुंबई
ता. २१ जानेवारी १९६२

ती. सौ. आका हीस प्रेमलतेचा नमस्कार.

तार मिळाली असेलच. आपल्या बाबांचे नाव ठेवलेला माझा गुणाजी गेला.

आका, तुझ्याकडे बाळंत झाले तेव्हा तो कसा होता ते तू पाहिलेस. आंघोळ घालताना हातात मावत नव्हता. मीही तिथे कशी भरले होते! आरशात बघून मलाच मी ओळखू आले नव्हते. इथे परतल्यावर मी पुन्हा पहिल्यासारखी झाले, ते मी कोणाला सांगितले नाही. पण तो अंगावर पीत होता तोवर ठीक होता. दात आले आणि वरचे सुरू झाले. रव्याची खीर, दुधात कुस्करलेला टोस्ट, बिस्कीट. मग त्याचे पोट टरटरले आणि हातपाय काड्यांसारखे झाले. हसायचा थांबला. खीर पुढे केली की तोंड फिरवायचा आणि मी त्याचे नाक दाबून भरवायची. डॉक्टर म्हणाले मुडदूस आहे, टोस्ट-दूध वाढवा. मी वाढवले. शेवटी मान उचलण्याचेही त्राण त्याच्यात राहिले नाही.

आता ऐक. त्याचे दिवस होऊन पुरा आठवडा झाला नव्हता, तर सासूबाई पंगत वाढताना भरल्या ताटांपुढे म्हणाल्या की आईचे दूधच नासके, लेकरू जगेल कसे. पंगतीतल्या एकानेही मान वर केली नाही. हे दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी पेपरात पाहिले.

मोठ्या डॉक्टरांकडेही नेले होते मला. त्यांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता यांना इंग्रजीत काही सांगितले. यांनी घरी येऊन सांगितले की पोटात काही नाही, मनात आहे, माहेरची ओढ आहे. आका, तूही हेच लिहिले होतेस. थोडे सोस म्हणून लिहिले होतेस. किती सोसले म्हणजे थोडे होते, ते आता मला लिहून कळव.

प्रेमलता

*

देवबाग
ता. ३० जानेवारी १९६२

चि. प्रेमा हीस आशीर्वाद.

‘थोडे सोस’ म्हणून लिहिले होते, ते मी मागे घेते. हे पत्र आणि तुझे भावोजी बहुधा एकाच बोटीने पोचतील. ट्रंक बांधून ठेव. कोणी अडवले तर काय बोलायचे ते यांना मी नीट शिकवून पाठवले आहे, आणि माझे शिकवलेले विसरले तरी त्यांचे स्वतःचे ठेवणीतले आहेच.

नासके दूध म्हणे! माझ्या तोंडात आलेली शिवी पत्रात लिहिता येत नाही, पोस्टमन इथलाच आहे. ये तू. बाकीचे समोरासमोर.

आका

*

लालबाग, मुंबई
ता. १८ ऑक्टोबर १९६४

सौ. चंद्रावतीबाई यांस रविकांतचा स. न. वि. वि.

आपणा उभयतांचे क्षेम चिंतितो. गेल्या मे महिन्यात मी देवबागला आलो होतो तेव्हा सौ. प्रेमलता व चि. तुळसा दोघींची प्रकृती उत्तम दिसली. समाधान वाटले. गुणाच्या मागे ती आपल्याकडे गेली, मधे वर्षभर इकडे येऊन पुन्हा आजारी झाली, आणि तुळसाच्या वेळी बाळंतपणास गेली ती परतलीच नाही. मुलगी आता चालू लागली.

मला वाद घालायचा नाही. पण जी बाई मुंबईत अंथरूण धरते, ती माहेरच्या बंदरात पाय ठेवताच महिन्याभरात टवटवीत होते, याला लोकांनी काय म्हणावे? आई याला सोंग म्हणते. मी तसे म्हणत नाही, मात्र डॉक्टरांनीही हा मनाचा खेळ असल्याचे सांगितले आहे. आईचे वय झाले, खाणावळ तिच्याने ओढवत नाही. दिवाळीपर्यंत तिला पाठवावे. अन्यथा मला पुढचा विचार करावा लागेल.

आपल्या यजमानांस नमस्कार सांगावा. राग नसावा.

आपला, रविकांत

*

देवबाग
ता. २२ ऑगस्ट १९६५

रा. रविकांतराव यांस चंद्रावतीचा नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर दिले नव्हते. तेव्हा रागाखेरीज लिहायला काही नव्हते. आता माझ्याकडे सांगायला काही आहे. सावकाश वाचा, पेपरासारखे चाळू नका.

यंदा इकडे तांदळाची काय दैना आहे ते तुम्हाला तिथे कळत असेल. शिमग्यापासून तर दुकानात तांदळाचा दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू आला. आमच्या वाडीत कोणाला चपाती धड लाटता येत नाही, पण प्रेमाला तुमच्या घरी चांगलीच सवय झालेली, तीच करू लागली. सकाळ-संध्याकाळ सगळे तेच खात होतो. मला, यांना, शेजारच्या नर्मदेच्या घरी कोणाला काही झाले नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखत प्रेमा पुन्हा पहिल्यासारखी होत गेली. तेच पोट, तेच तोंड, तेच परसाकडे धावणे. पाठोपाठ तुळसा. जी पोर दिवसभर होड्यांखालून खेकड्यांमागे पळायची, ती माझ्या मांडीवरून उतरेना. तिच्या दंडाची कातडी ओघळली. तिच्याकडे बघून प्रेमा पहिल्यांदा गुणाचे नाव घेऊन मोठ्याने रडली. मग उठली आणि गव्हाचा डबा नेऊन खाडीत रिकामा केला. तुमचे साडू नुसते बघत राहिले. एरवी अन्न टाकले तर घर डोक्यावर घेणारा माणूस.

त्यानंतर नाचणीची आंबील, कणग्यांचे कंद आणि जिथून मिळेल तिथून उसना तांदूळ. दोघी सावरल्या. या श्रावणात मुद्दाम खात्री करायला प्रेमाने एकटीने चपाती खाऊन पाहिली. पुन्हा तेच.

तेव्हा रविकांतराव, मुंबईची हवा नव्हे, पाणी नव्हे, माहेरची ओढ नव्हे. इथे ती माहेरातच बसलेली होती, मग कसली ओढ लागली तिला? तिला आणि तिच्या पोरांना गहू बाधतो. गुणाला तुम्ही सगळ्यांनी, डॉक्टरासकट, चमच्या-चमच्याने तेच भरवलेत. आता तुमच्या डॉक्टराकडे जा आणि हे सांगा. माझ्या बहिणीक सोंगाडी म्हणणाऱ्याचा तोंड माका एकदा बघूक होया.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही ते तुमच्या उत्तरावर.

चंद्रावती

*

लालबाग, मुंबई
ता. ११ सप्टेंबर १९६५

सौ. चंद्रावतीबाई यांस स. न. वि. वि.

आपल्या सांगण्यावरून मी डॉक्टरांना भेटलो. ते हसले. म्हणाले, उभा पंजाब गव्हावर पोसला आहे आणि फौजेत भरती होतो, गहू बाधायला ते काय विष आहे? गव्हाने असा काही आजार विलायतेत गोऱ्या मुलांना होतो असे त्यांनी कुठे तरी वाचले होते, पण आपल्या लोकांत तो नसतो असे पुस्तकातच आहे म्हणाले. बाईमाणसांच्या कल्पनेला मी अधिक काय सांगणार? आई म्हणते, खाणावळीत चपात्या लाटायच्या नाहीत म्हणून शोधलेले हे कारण आहे.

दरमहा मनिऑर्डर पाठवीत जाईन. तिला यायचे असेल तेव्हा येऊ दे.

रविकांत

*

लालबाग, मुंबई
ता. ७ जानेवारी १९६८

चि. सौ. प्रेमलता हीस आशीर्वाद.

आनंदाची बातमी आहे. आईच्या मोतीबिंदूसाठी मोठ्या इस्पितळात खेटे घालतो आहे. तिथे आपल्या वेंगुर्ल्याकडचे एक तरुण डॉक्टर भेटले, विलायतेहून नुकतेच आलेले, लहान मुलांच्या विभागात असतात. गाववाले म्हणून गप्पा निघाल्या. बायको कुठे, असे त्यांनी विचारले. मी गमतीने सांगितले की ती गव्हाला भिऊन देवबागला पळाली आहे. मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवून सगळे विचारून घेतले. गुणाचेही विचारले.

ते म्हणतात असा रोग खरोखर आहे, आणि उत्तरेकडे आपल्या मुलांतही तो आता दिसू लागला आहे. मात्र खात्री करायची तर तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढावा लागतो, आणि त्याआधी काही आठवडे गहू खावा लागतो, नाहीतर आत काही दिसत नाही. तुळसाचेही त्याच वेळी पाहून घ्यावे असे माझे मत आहे. तिला इथे आणून थोडे दिवस चपाती-पाव सुरू करू. एकदा सिद्ध झाले की आईच्या तोंडाला कुलूप बसेल आणि आपला संसार सुरळीत होईल.

तू म्हणत होतीस त्यात तथ्य असावे असे आता मला वाटू लागले आहे. लवकर निघावे.

रविकांत

*

देवबाग
ता. १६ जानेवारी १९६८

ती. तुळसाचे बाबा यांस प्रेमलतेचा नमस्कार.

तुमचे पत्र आकाने वाचले आणि बाहेर जाऊन वाळूत बसली. मी इथेच बसून उत्तर लिहिते आहे.

लग्नाला दहा वर्षे झाली. मी तुमच्या शेजारी निजले, तुमच्यासमोर वाळले, तुमच्यासमोर मुलगा गमावला. माझे सांगणे तुम्हाला कधी खरे वाटले नाही. कोट घातलेल्या माणसाने इस्पितळाच्या बाकावर सांगितले तेव्हा एका दुपारीत ‘तथ्य असावे’ वाटू लागले. तेही तुम्ही माझी थट्टा करायला गेलात म्हणून.

तुळसा येणार नाही. माझा शब्द खरा ठरवायला माझ्याच पोरीला पुन्हा ते भरवू म्हणता? गुणाचे नाक दाबलेल्या माझ्याच हातांनी? ती गोष्ट पुन्हा काढू नका.

मी येते, एकटी. मी खाईन गहू, मी गिळेन नळी. तुमच्या आईच्या तोंडाला कुलूप लावण्यासाठी नव्हे. त्या वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी आपल्यातल्या एका माणसाच्या आत तो रोग पाहिला, तर उद्या कोणा बाईला टोस्ट-दूध सांगताना दुसऱ्या डॉक्टरची जीभ अडखळेल, म्हणून येते. बंदरावर येऊ नका. धक्क्यावरून इस्पितळ मला विचारत जाता येईल.

प्रेमलता

*

मुंबई, इस्पितळातून
ता. १३ मार्च १९६८

ती. सौ. आका हिच्या चरणी साष्टांग नमस्कार.

तुझी तीन पत्रे उशाखाली आहेत, उत्तर आज लिहिते. मधे बसवतच नव्हते.

इथे रोज सकाळी नर्स ताटलीत पावाच्या चकत्या आणून ठेवी आणि मी खाल्ल्या की नाही ते बघत उभी राही. चौथ्या चकतीनंतर भिंतीकडे तोंड करून मी कोणाकोणाला शिव्या दिल्या ते भावोजींना आवडले असते. आजार जुन्या ओळखीच्या माणसासारखा आला. मग खाटेभोवती पोरगेले डॉक्टर जमू लागले. एकामागून एक पोट दाबून बघत आणि वहीत उतरवून घेत. हेच पोट, आका! दहा वर्षांपूर्वी हेच फुगलेले पोट सोंग होते, आणि आता त्याच्यापाशी रांग लागली.

नळी गिळणे फार वाईट होते, ते तुला लिहीत नाही. पण वेंगुर्ल्याचे डॉक्टर स्वतः हात धरून बसले. दोन दिवसांनी त्यांनी येऊन समजावून सांगितले. चांगल्या माणसाच्या आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्न ओढून घेते. माझी लव झडून आतडे पार बोडके झाले आहे. गहू बंद केला की ती हळूहळू परत येते. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर वर्ज्य. मी विचारले, खायचे काय? भात, नाचणी, मासे, नारळ, काहीही खा म्हणाले. म्हणजे ज्या ताटावरून मला उठवले होते तेच.

मग मी गुणाचे विचारले. त्यांनी माझ्याकडून त्याचे सगळे पुन्हा ऐकून घेतले. म्हणाले, सांगता त्यावरून तोच रोग असणार. मी म्हटले, तसे कागदावर लिहून द्या, की तो माझ्या दुधाने गेला नाही. ते म्हणाले, जो मुलगा मी पाहिला नाही त्याच्याबद्दल कसे लिहू? माणूस सच्चा आहे, म्हणून त्याच्यावर रागावता येईना. पुढे म्हणाले, त्या वेळच्या डॉक्टरांचाही दोष नाही, आपल्याकडे हा रोग नाही असेच शिकवले जाई. त्यावर मात्र मी बोलले. आमची पोटे आधी कोणी पाहिली होती, नाही म्हणायला? आणि ठाऊक नव्हते तर ठाऊक नाही म्हणायचे. मला खोटी कशाला ठरवली?

काल मला सोडले, मात्र शनिवारपर्यंत खाट डॉक्टरांनी राखून ठेवली आहे. हे न्यायला आले होते. वाटेत सांगत होते की आई आता वेगळा भात लावायला तयार आहे, तुळसाला शाळेत घालू. मी त्यांना म्हटले, आधी खाणावळीत चला. दुपारची पंगत बसलेली होती. सासूबाईंनी जाड चष्म्यातून मला ओळखले, जवळ येऊन हात धरला, आणि म्हणाल्या की हे आधी कळले असते तर बाळ वाचले असते गो. आका, ऐकलेस? कळले असते! कणकेच्या परातीशी बसून बसून मी दुखणे सांगत होते, तेव्हा सोंग म्हणत होत्या.

मी हात सोडवला आणि पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्यांना ऐकू जाईल आणि वरच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की माझा मुलगा गुणाजी माझ्या दुधाने मेला नाही. माझे दूध पीत होता तोवर तो जगत होता. या घरच्या गव्हाने तो गेला, तो मी भरवला, डॉक्टरने भरवायला सांगितला, आणि माझे कोणी ऐकले नाही. इथेच, या ताटांपुढे माझ्या दुधाला नासके म्हटले होते, म्हणून इथेच सांगते.

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मग तारकर्लीचे म्हातारे भिकाजी, गिरणीत साचा चालवणारे, ताटावरून उठले. म्हणाले की त्या दिवशी तेही याच रांगेत बसले होते, ते शब्द त्यांनी ऐकले आणि खाली मान घालून जेवत राहिले. एवढेच बोलून हात धुवायला गेले. दुसरे कोणी उठले नाही. सासूबाई परातीपाशी खाली बसल्या. मला त्यांची दया आली नाही. येईल कधी तरी, आज आली नाही.

यांना मी जिन्यात सांगितले की मी देवबागला राहणार. मुलीला बघायला या, आमच्यात जेवा, तुम्हाला कोणी दारातून परत पाठवणार नाही. मात्र मला न्यायला म्हणून येऊ नका. मी पुढे बघून उतरत गेले.

शनिवारच्या बोटीने निघते. भावोजींना सांग, मालवणच्या बंदरात होडी आणा आणि तुळसाला घेऊन या. लव परत यायला वेळ लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. राग उतरायलाही लागेलच, तो अजून आहे तसाच आहे आणि तो घेऊनच येते आहे. माझ्याबरोबर त्यालाही तुझ्या घरात जागा दे, एवढाच लोभ मागते.

तुझी प्रेमा